हौसेचें मोल

‘हौसेला मोल नाहीं’ ही म्हण आपल्याकडे बहुधा खर्चाचें समर्थन करण्यासाठीं योजिली जाते. मुलीच्या लग्नांत ऐपतीबाहेर खर्च करणारा बाप तिचा आश्रय घेतो, आणि दुकानदार तर गिऱ्हाइकाच्या वतीनें ती आधींच म्हणून ठेवतो. परंतु किंचित् विचार केला असतां या म्हणीचा आणखीही एक अर्थ निघतो, व तो पहिल्याच्या अगदीं उलट आहे. हौसेला मोल नाहीं, म्हणजे हौस ही मोल देऊन मिळणारी वस्तु नव्हे. साधनें विकत मिळतात. हौस ज्याची त्यालाच आणावी लागते. यांपैकीं पहिला अर्थ बाजाराला प्रिय आहे, दुसरा त्याला अडचणीचा आहे. यंत्राच्या आजच्या युगांत या दोन अर्थांचा झगडा कसा चालला आहे, आणि त्यांत मनुष्यानें काय राखावें व काय सोडावें, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

यंत्रानें मनुष्याचे कष्ट वांचविले यांत वाईट काय, असें कोणीही विचारील. विहिरीवरून पाणी ओढणाऱ्या बाईचे श्रम पंपानें वांचविले तर तो तिचा निव्वळ लाभ होय. कारण ते श्रम तिनें हौसेनें पत्करलेले नव्हते. परंतु जो मनुष्य सुटीच्या दिवशीं आपण होऊन डोंगर चढावयास निघाला, त्याला पाळण्यांत बसवून शिखरावर नेऊन सोडलें, तर त्याचें काय वांचलें आणि काय गेलें? गरजेच्या कामांत श्रम हें साधन असतें व फळ हें साध्य असतें. हौसेच्या कामांत श्रम हाच फळाचा एक भाग असतो. म्हणून कारखान्यांत निर्विवाद ठरलेला न्याय क्रीडेच्या क्षेत्रांत जसाच्या तसा लावतां येत नाहीं.

हा प्रश्न तपासून पाहण्यासाठीं आम्ही एक दूरचें उदाहरण घेत आहों, तें म्हणजे पाश्चात्य देशांतील हौशी नौकाविहार व त्यावर पोसलेला धंदा. आम्ही स्वतः दर्यावर्दी नाहीं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचीपलीकडे आमची समुद्राशीं फारशी ओळख नाहीं. तथापि या उदाहरणाची एक विशेष सोय आहे. शीड हें एके काळीं व्यापाराचें व युद्धाचें साधन होतें. वाफेनें आणि तेलानें त्याला बाजारांतून हद्दपार केलें, तेव्हां हौशी लोकांनीं त्याला आश्रय दिला. त्या देशांत जो आज शिडाच्या होडींत बसतो, तो पलीकडच्या तीरावर कांहीं काम आहे म्हणून बसत नाहीं. तेव्हां निव्वळ स्वेच्छेनें पत्करलेल्या कष्टांचें यंत्र व बाजार मिळून काय करतात, हें येथें शंभर वर्षांच्या इतिहासांत स्वच्छ पाहावयास मिळतें.

या इतिहासाचा आरंभ वल्ह्यापासून करावा. नॉर्वेंत जन्मून अमेरिकेंत वाढलेल्या ओले एव्हिनरूड यांनीं १९०९ सालीं मिलवॉकी येथें होडीच्या मागल्या फळीस अडकवितां येण्याजोगें लहानसें पेट्रोलचें यंत्र विक्रीस आणलें. तळ्यापलीकडून आइस्क्रीम आणतांना वल्हीं मारतां मारतां तें वाटेंतच वितळलें, व त्यांतून ही कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा पुढें सजविलेली असो, तिच्यांत नव्या युगाचें सूत्र आलें आहे. वल्हें मारणें हा आनंद नसून आनंदाच्या आड येणारा विलंब आहे, असें मानण्यास येथून सुरुवात झाली.

दुसरें पाऊल होडीच्या अंगांतच पडलें. लांकडी होडी म्हणजे एक नाजूक प्रकृतीचें माणूस. तिला दर वर्षीं खरवडावी लागे, तिचे सांधे बुजवावे लागत, तिला रंग द्यावा लागे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास फायबरग्लास निघालें. कांचेचे तंतु कृत्रिम राळेंत भिजवून सांच्यांत बसविले कीं होडीचें अंग तयार होतें, आणि एकाच सांच्यांतून हवीं तितकीं अंगें काढतां येतात. १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनांत पिअर्सन या चुलतभावांनीं ‘ट्रायटन’ नांवाची २८ फुटांची अशी शिडाची नौका मांडली व तिची किंमत दहा हजार डॉलरांच्या आंत ठेवली. सुताराच्या एकेका घडणीची वस्तु तेथून कारखान्याचा माल झाली.

जुन्या हौशी मंडळींनीं यावर नाकें मुरडलीं, हें सांगावयास नकोच. यंत्राचा आवाज, राळेचा वास, नवशिक्यांची गर्दी यांनीं समुद्राचें पावित्र्य गेलें, असें त्यांना वाटलें. या तक्रारीचा विचार न्यायबुद्धीनें केला पाहिजे, कारण कष्टांचें माहात्म्य गाणाऱ्याच्या मनांत पुष्कळदां मक्तेदारी दडलेली असते. ज्याच्यापाशीं लांकडी नौका बाळगण्याइतका पैसा, ती दुरुस्त करणारीं माणसें आणि शिकण्यास पुरेसा फावला वेळ आहे, त्यानें ‘सोपेपणानें मौज जाते’ असें म्हणणें फार सोपें आहे. १९६३ सालीं इंग्लंडांत ‘डेली मिरर’ या लोकप्रिय वृत्तपत्रानें ‘मिरर’ नांवाची सुमारें ११ फुटांची लहान होडी लोकांपुढें आणली. जॅक होल्ट हे नौकारचनाकार आणि बॅरी बकनेल हे दूरचित्रवाणीवर घरगुती सुतारकाम शिकविणारे गृहस्थ, या दोघांनीं ती योजिली होती. प्लायवुडच्या कापलेल्या फळ्या तांब्याच्या तारेनें शिवावयाच्या आणि सांध्यांवर फायबरग्लासची पट्टी राळेनें चिकटवावयाची. हें काम घरच्या घरीं करतां येई. संच ६३ पौंड ११ शिलिंगांस मिळे. पुढें या जातीच्या सत्तर हजारांहून अधिक होड्या झाल्या. ज्या कारकुनानें व शाळामास्तरानें आपल्या मुलांना हाताशीं घेऊन ती होडी घरांत बांधली, त्यानें समुद्राचें पावित्र्य भ्रष्ट केलें असें म्हणावयास आमची जीभ रेटत नाहीं. उलट फायबरग्लास आणि प्लायवुड यांनीं येथें न्यायाचें काम केलें. म्हाताऱ्यांना, अपंगांना आणि ज्यांच्या मनगटांत बळ थोडें आहे अशांना यंत्रानें पाण्यावर आणलें, तेंही याच न्यायानें इष्टच म्हटलें पाहिजे.

येथवर यंत्राची बाजू बळकट आहे. तथापि गोष्ट येथें थांबली नाहीं. वल्हें व रंगाचा ब्रश हातांतून सुटल्यावर यंत्राचें लक्ष सुकाणूंकडे, नकाशाकडे आणि अखेर डोळ्यांकडे गेलें. कृत्रिम उपग्रहांच्या साह्यानें आपलें स्थान दाखविणारी अमेरिकेची जी. पी. एस. ही योजना मूळची लष्करी. नागरिकांसाठीं तिच्यांत हेतुपुरस्सर ठेवलेली अस्पष्टता मे २००० मध्यें काढून टाकण्यांत आली आणि हौशी नावाड्यालाही आपण नेमके कोठें आहों हें आयतें कळूं लागलें. नकाशा कागदावरून कांचेच्या पडद्यावर आला. सुकाणूं धरण्याचें काम स्वयंचलित यंत्राकडे गेलें. पुढें एका दांड्यानें सारी नौका आडवी-तिडवी सरकवितां येऊं लागली, आणि २०१८ सालीं व्होल्वो पेंटा या कंपनीनें स्वीडनमधील गोटेबोर्ग येथें आपण होऊन धक्क्याला लागणाऱ्या नौकेचें प्रात्यक्षिकही करून दाखविलें. धक्क्याला नौका लावणें ही नवशिक्याची सर्वांत मोठी भीति. कारण तेथें चार लोक पाहत उभे असतात. ती भीति गेली, आणि भीतीबरोबर ती जिंकण्याचा प्रसंगही गेला.

या दुसऱ्या टप्प्यांत जें यंत्राकडे गेलें तें निव्वळ श्रम नव्हते. काय गेलें, हें एका प्रसंगानें स्पष्ट होईल. २९ नोव्हेंबर २०१४ च्या रात्रीं ‘टीम व्हेस्टास विंड’ ही जगप्रदक्षिणेच्या शर्यतींतील नौका मॉरिशसच्या ईशान्येस कार्गाडोस काराजोस नांवाच्या प्रवाळखडकांवर भर वेगानें आदळली. तींतील माणसें हौशी नव्हतीं, निष्णात व्यावसायिक होतीं; आणि सुदैवानें सर्वजण वांचले. उपकरणांचीही वाण नव्हती. खडक कांहीं अज्ञात नव्हता, नकाशांतही तो होता. परंतु पडद्यावरील नकाशा दूरच्या प्रमाणावर ठेवला म्हणजे तो दिसत नसे, जवळचें प्रमाण घेतलें म्हणजे दिसे. थोडक्यांत, माहिती यंत्राजवळ होती, मात्र तिची विचारपूस करणें राहून गेलें. कागदी नकाशावर बोट ठेवून पुढें सरकणाऱ्या जुन्या तांडेलाच्याही चुका होत, नाहीं असें नाहीं. पण खडक आहे कीं नाहीं हें पाहणें आपलेंच काम आहे, या समजुतींत त्याची चूक होणें कठीण होतें.

म्हणून आमच्या मतें श्रम आणि जबाबदारी यांमध्यें भेद केला पाहिजे. श्रम म्हणजे दंडाचें, पाठीचें, फार तर बोटांचें काम. तें यंत्रावर सोंपविलें तरी मनुष्याचें मनुष्यपण उणें होत नाहीं. जबाबदारी म्हणजे ‘मी कोठें आहें, येथें मला कोणी आणलें, आणि पुढें काय होणार’ या प्रश्नांचें उत्तर स्वतःजवळ असणें. हौसेचा खरा आनंद याच उत्तरांत असतो. वारा फिरल्याचें प्रथम गालाला कळावें, शिडाची दोरी किती सैल सोडावी हें आपण ठरवावें, चुकलों तर भिजावें आणि साधलें तर तें आपलें असावें, यासाठीं मनुष्य सुखाची खुर्ची सोडून होडींत बसतो. हें सर्व दुसऱ्यानें केलें, तर त्याला मिळतें तें नौकानयन नव्हे, पाण्यावरचें बसणें होय. बसण्याची हौस असावयास आमची ना नाहीं. परंतु तिला दुसरें नांव द्यावें.

यावर असा आक्षेप येईल कीं, हा उपदेश धोक्याचा आहे; उपग्रहानें असंख्य जीव वांचविले, ते तुम्ही हौसेच्या शुद्धतेसाठीं बुडूं देणार काय? मुळींच नाहीं. २०१८ सालीं ‘गोल्डन ग्लोब’ ही एकट्यानें न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत पन्नास वर्षांनीं पुन्हा भरविण्यांत आली, आणि तिचा मुख्य नियमच असा होता कीं मार्ग काढण्यासाठीं नवीं उपकरणें वापरावयाचीं नाहींत. सूर्यतारे, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे यांवरच चालावयाचें. भारतीय नौदलाचे अभिलाष टॉमी हे गोव्यांत बांधलेली ‘थुरिया’ ही नौका घेऊन तींत उतरले होते. सप्टेंबर २०१८ मध्यें हिंदी महासागराच्या दक्षिण भागीं तुफानांत त्यांच्या डोलकाठ्या मोडल्या व पाठीच्या कण्यास जबर दुखापत होऊन ते अंथरुणास खिळले. त्यांना सोडविलें तें उपग्रहाच्याच साह्यानें. ठिकाण कळलें म्हणून विमानें पोहोंचलीं आणि ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजानें त्यांना उचलून घेतलें. संकटसमयीं वापरावयाचीं साधनें या शर्यतींत निषिद्ध नव्हतीं. रोजच्या निर्णयाचा आळस करूं देणारीं तेवढीं निषिद्ध होतीं. टॉमी बरे होऊन २०२२ च्या शर्यतींत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्यें दुसऱ्या क्रमांकानें परतले. पहिल्या आल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. यावरून उपकरणाची परीक्षा कशी करावी हें दिसतें. जें उपकरण पडलेल्यास उचलतें तें मित्र होय. जें चालणाऱ्यास चालूं देत नाहीं, त्याच्याविषयीं सावध असावें. अमेरिकेच्या नौदल-विद्यालयानें आकाशावरून मार्ग काढण्याचें बंद केलेलें शिक्षण २०१५ च्या सुमारास पुन्हा सुरू केलें, तेंही उपग्रह टाकून देण्यासाठीं नव्हे. उपग्रह मुका झाला तर अधिकाऱ्यानेंही मुकें होऊं नये म्हणून.

या शर्यतीचा मूळ प्रयोग १९६८ सालचा, आणि आमच्या प्रश्नाचा नैतिक गाभा त्यांत जसा उघडा पडला तसा अन्यत्र क्वचितच पडला असेल. नऊजण निघाले, एकच परतला. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही ३२ फुटांची नौका आपल्या मुंबईस, सागवानी लांकडांत, देशी सुतारांनीं जुन्या हत्यारांनीं घडविलेली होती. वेगाच्या दृष्टीनें ती जुनाट व मंद होती. वाटेंत बिनतारी यंत्र बंद पडलें, वाऱ्यावर चालणारें सुकाणूंचें साधन मोडलें. तरी शिडें तोलून धरीत तिचा धनी ३१२ दिवसांनीं, २२ एप्रिल १९६९ रोजीं, इंग्लंडांत फॉलमथ बंदरीं परतला.

याच शर्यतींत डोनल्ड क्रोहर्स्ट नांवाचे दुसरे एक गृहस्थ होते. हौशी नावाड्यांना दिशा काढून देणारें हातांत धरण्याचें एक रेडिओ-यंत्र बनविण्याचा त्यांचा धंदा होता व तो डबघाईस आला होता. शर्यत जिंकली तर धंद्याची जाहिरात होईल, ही आशा. भांडवल पुरविणाऱ्याशीं करार असा कीं, बेत फसल्यास नौका त्यांनींच परत विकत घ्यावी. नौका तीन अंगांची, नव्या धर्तीची. ती उलटूं लागल्यास आपोआप सांवरणारी यांत्रिक योजनाही त्यांनीं आंखली होती. परंतु मुदतीच्या शेवटच्या दिवशीं, ३१ ऑक्टोबर १९६८ रोजीं, ते निघाले तेव्हां ती योजना अपुरीच होती. तारा ओढलेल्या होत्या, त्यांच्या टोकाला यंत्र नव्हतें. पुढें जाणें मृत्यु, मागें फिरणें दिवाळें. त्यांनीं तिसरा मार्ग काढला. अटलांटिकांतच घुटमळत राहून खोटीं ठिकाणें कळविण्यास त्यांनीं आरंभ केला. त्या खोट्या वेगाच्या धास्तीनें नायजेल टेटली यांनीं आपली जीर्ण झालेली नौका शेवटच्या टप्प्यांत फार ताणली व ती फुटून बुडाली; ते स्वतः वांचले. क्रोहर्स्ट मात्र परतले नाहींत. १० जुलै १९६९ रोजीं त्यांची नौका समुद्रांत निर्मनुष्य सांपडली. वह्या तशाच होत्या. नॉक्स-जॉन्स्टन यांनीं आपलें पांच हजार पौंडांचें बक्षीस क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबास दिलें.

क्रोहर्स्ट यांस दुष्ट ठरविणें सोपें आहे. आम्हांस तसें वाटत नाहीं. हौशी मनुष्याला परत फिरण्याची मुभा असते. किंबहुना ‘आज वारा बरा नाहीं’ असें म्हणून होडी किनाऱ्याला ओढण्याचें स्वातंत्र्य हेंच हौसेचें मर्मस्थान आहे. त्यांनीं तें स्वातंत्र्य करारानें विकलें, आणि तें विकल्यावर सत्य सांगण्याची किंमत त्यांना परवडेनाशी झाली. दुसऱ्यांना त्यांचें ठिकाण काढण्यास मदत करणारें यंत्र विकणारा मनुष्य आपलें खरें ठिकाण कोणाला कळवूं शकला नाहीं, ही केवळ दैवाची थट्टा नव्हे. हौशीच्या मनांत बाजार शिरला म्हणजे काय होतें, याचें तें टोकाचें उदाहरण आहे.

आतां बाजाराची आजची दिशा पाहूं. नौका विकत घेण्यापेक्षां वर्गणी भरून मंडळाची नौका वापरण्याची पद्धत अमेरिकेंत वाढली आहे. फ्लॉरिडांत १९८९ सालीं निघालेलें ‘फ्रीडम बोट क्लब’ हें मंडळ २०१९ सालीं ब्रन्सविक या नौका व नौकायंत्रें बनविणाऱ्या बड्या कंपनीनेंच विकत घेतलें. पुढील वर्षीं महामारींत घरीं कोंडलेली माणसें मोकळ्या पाण्याकडे धांवलीं व त्या देशांत यांत्रिक होड्यांचा खप कैक वर्षांत झाला नव्हता इतका झाला. आणि त्याच २०२० सालीं एव्हिनरूड नांवाच्या यंत्रांचें उत्पादन मात्र त्यांच्या मालक कंपनीनें बंद केलें. बाजाराला हौसेची आठवण नसते, एवढेंच यावरून घ्यावयाचें.

वर्गणीच्या पद्धतीस आम्ही सर्वस्वीं नांवें ठेवणार नाहीं. वर्षांतून दहा दिवस वापरून उरलेले दिवस धक्क्याला बांधून ठेवण्यापेक्षां एक नौका दहाजणांनीं वापरणें शहाणपणाचें आहे. यावर ‘स्वतःची वस्तु असली म्हणजेच माणूस तिची काळजी घेतो’ असें उत्तर देण्यांत येतें. पण फायबरग्लासचा इतिहास त्याला दुजोरा देत नाहीं. लांकूड कुजतें, धातु वितळवून पुन्हा ओततां येतो. परंतु ही राळ एकदां घट्ट झाली कीं पुन्हा वितळत नाहीं. न मरणारी होडी म्हणून जिचें कौतुक झालें, तिचाच मृत्यु आतां अडचणीचा झाला आहे. धनी म्हातारा होतो, मुलांना हौस नसते, मोडून टाकण्यास पैसे पडतात. मग कोठल्याशा खाडींत ती सोडून दिली जाते. फ्रान्सनें २०१९ पासून जुन्या विहारनौका मोडण्याची रीतसर व्यवस्था केली असून तिच्यासाठीं नव्या नौका बाजारांत आणणाऱ्यांकडून वर्गणी घेतली जाते. ही योजना आम्हांस उचित वाटते. जन्माच्याच वेळीं अंत्यविधीची तरतूद करणें हें अशुभ वाटलें तरी जबाबदारीचें लक्षण आहे. धनी असो वा वर्गणीदार, मौजेचा शेवट कोणाच्या दारांत पडतो हें ज्याला ठाऊक नाहीं, त्यानें मौज उधार घेतली आहे.

कोणी म्हणेल, आमच्या घरीं ना नौका ना शीड. मग हा विचार आम्हांला कशास? पण ज्या घरांत मुलगी गाणें शिकते तेथें आतां तंबोऱ्याच्या जागीं एक लहानशी पेटी वाजते. ती प्रवासांत सोयीची आहे, तिच्यामुळें पुष्कळ गरीब मुलांना सूर मिळाला, हें ‘मिरर’ होडीइतकेंच खरें आहे. तथापि तार स्वतः पिळून, कान देऊन, ‘आतां जुळला’ असें स्वतः ठरविण्याचा क्षण त्या मुलीच्या वांट्याला कधींच आला नाहीं, तर तिला सूर मिळेल पण सुराची जबाबदारी मिळणार नाहीं. पेटी घरांत आणावी. तंबोरा घरांतून काढूं नये.

तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच कीं, यंत्र विकत घेतांना वाचकांनीं स्वतःस दोन प्रश्न विचारावेत. हें उद्यां बंद पडलें तर मला काय करावयाचें तें ठाऊक आहे काय? आणि हें माझा भार उचलतें कीं माझा विचार उचलतें? पहिल्याचें उत्तर होकारार्थी असेल आणि दुसऱ्याचें ‘भार’ असें असेल, तर तें यंत्र निःशंकपणें घरीं आणावें. त्यानें हौस वाढेल आणि ती अधिक लोकांच्या वांट्याला येईल. एरवीं दुकानदार जें विकतो तें हौसेचें साधन नसून हौसेपासून सुटका असते, आणि तिचें मोल मात्र तो पुरेपूर घेतो.